बाबा, गव्हर्नर झोपला होता

पुणे

तीर्थरूप बाबांस,


परवा फोनवर तुम्ही दोन गोष्टी बोललात. पहिली, "तू तिकडे नेमकं करतेस काय, हे मला अजून कळलं नाही." दुसरी, भंगारवाला येऊन इंजिनाचा भाव विचारून गेला, आता देऊन टाकतो. पहिल्या प्रश्नाला मी नेहमीसारखंच "कॉम्प्युटरचं काम" म्हणून उत्तर दिलं आणि दुसऱ्यावर काहीच बोलले नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, या दोन्हीचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. घरी पाठवलं असतं तर चष्मा सापडत नाही म्हणून ते आठवडाभर कोनाड्यात पडून राहिलं असतं. छापलेलं मात्र तुम्ही दोनदा वाचता, हे मला माहीत आहे. म्हणून छापायला देते आहे.

सुरुवात इंजिनापासूनच करते.

राजकोटी बनावटीचं ते लिस्टर टाईप इंजिन, दोन्ही बाजूंना माझ्या छातीएवढी चाकं, आणि पट्ट्याने जोडलेला धान भरडाईचा हलर. मी चौथी-पाचवीत असताना शाळा सुटली की दप्तर तसंच पाठीवर घेऊन गिरणीत यायची. कोंड्याचा वास, पोत्यांवर बसलेल्या बाया, भिंतीवर उडालेलं तूस, आणि कानात ते टुक-टुक-टुक. तुम्ही कधी इंजिनाकडे बघत नव्हता. धान मोजत असायचात, कोणाशी तरी उधारीवरून बोलत असायचात, आणि मध्येच बोलता बोलता थांबून हलरवाल्या पोराला ओरडायचात, "हात आखड!" त्याने तोंडात एकदम जास्त धान सोडलेलं असायचं. पाठ फिरवलेल्या माणसाला हे कळलं कसं, याचं मला फार नवल वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणालात, "इंजन बोलते बाई, आयकाले शिक."

मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तुम्ही मला इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर दाखवला होता. इंजिन बंद करून, झाकण काढून. दोन वजनं, एक स्प्रिंग आणि तिथून फ्युएल पंपाच्या रॅकपर्यंत गेलेली एक काडी. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होतं. धान पडून इंजिन दबलं की वजनं आत येतात, स्प्रिंग काडी ओढते, डिझेल वाढतं, धुराड्यातून काळा भपका येतो आणि इंजिन पुन्हा आपल्या चालीवर. तुम्ही माझं बोट त्या स्प्रिंगवर ठेवून म्हणालात की एवढीशी ही वस्तू नसेल तर मोकळं इंजिन फिरून फिरून स्वतःलाच फोडून घेईल. बोटाला लागलेलं काळं तेल मी फ्रॉकला पुसलं आणि घरी मार खाल्ला, तो वेगळा.

जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला असेच दोन फिरते गोळे लावले. ऐंशी वर्षांनी, १८६८ मध्ये, मॅक्सवेल नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने नुसत्या गव्हर्नरवर एक निबंध लिहिला. प्रश्न असा की काही गव्हर्नर इंजिन स्थिर ठेवतात आणि काही त्याला उलट झोके का देतात? तुम्ही ज्याला "हंटिंग मारतंय" म्हणायचात, तेच हे. वेग वर, वेग खाली, वर, खाली, आणि हलरमधून अर्धी कणी. हा निबंध मला कॉलेजात नेमलेला होता. वर्गात सगळे जांभया देत होते आणि मला मात्र कोंड्याचा वास येत होता.

आता माझं काम. तुमच्या खिशातल्या फोनचं अँड्रॉइड ज्याच्यावर चालतं, त्या गाभ्याला लिनक्स कर्नल म्हणतात. लिनस टॉरवल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला, आज जगभरची हजारो माणसं मिळून सांभाळतात. प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन, वायफाय या सगळ्यांना कामाला लावणारा मुकादम म्हणजे कर्नल. या मुकादमाच्या हाताखाली एक छोटा विभाग आहे, त्याचं काम प्रोसेसरचा वेग ठरवणं. आणि बाबा, तो वेग ठरवणाऱ्या कोडला काय म्हणतात माहीत आहे? गव्हर्नर. मी नाव दिलेलं नाही, त्यांचंच आहे.

प्रोसेसरला वेग कमी-जास्त का करावा लागतो? डिझेलसाठीच, म्हणजे विजेसाठी. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी करता येतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने जळते. व्होल्टेज अर्धं केलं तर त्या भागाचा खर्च चौथाईवर, वेग उतरल्याची बचत आणखी वेगळी. फोन खिशात पडलेला असताना प्रोसेसर पूर्ण वेगाने पळवणं म्हणजे हलरला धान नसताना रॅक पूर्ण उघडा ठेवणं. म्हणून हा गव्हर्नर ठरलेल्या वेळाने डोकावतो, मागच्या डोकावण्यापासून आतापर्यंत प्रोसेसर किती वेळ कामात होता ते बघतो आणि वेग ठरवतो. गव्हर्नर बरेच आहेत. एक सतत पूर्ण वेग देतो, एक सतत किमान. 'ऑनडिमांड' नावाचा एक २००४ मध्ये आला. तो मागणीप्रमाणे देतो. आमच्या डब्यात तोच होता.

आमचा डबा म्हणजे कारखान्यातले मीटर वाचून स्क्रीनवर दाखवणारी एक पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. आत स्वस्तातला एआरएम प्रोसेसर. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, आम्ही तिच्यातला कर्नल ६.६ वरून ६.१२ वर नेला. हा बदल करावाच लागतो, जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या फार काळ मिळत नाहीत. नेला, चाचण्या पास झाल्या, सगळे खूश. आठवड्याने गिऱ्हाइकाकडून तक्रार आली: स्क्रीनवर बोट लावलं की यादी कधी लगेच उघडते, कधी चार-पाच सेकंद लावते.

"कधी लगेच, कधी उशिरा." सगळ्यात घाण तक्रार हीच. नेहमीच उशीर होत असेल तर शोधता येतो. नेहमीच लवकर होत असेल तर तक्रारच नाही.

मी आधी उष्णतेवर संशय घेतला. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग उतरवतो, आणि पेटी लोखंडी कपाटात बसवलेली होती. टेबलफॅन लावून बघितला. काही फरक नाही. मग स्क्रीनच्या ड्रायव्हरवर, मग मेमरीवर. सहकारी म्हणाला, हार्डवेअरवाल्यांकडे ढकल. आमच्या धंद्यात बिघाड खाली ढकलायची एक पद्धत आहे, ॲपवाले कर्नलवाल्यांकडे, कर्नलवाले हार्डवेअरवाल्यांकडे, आणि हार्डवेअरवाले चिप बनवणाऱ्याकडे. तुमच्याकडेही होतीच की. गिऱ्हाईक म्हणायचं हलर खराब, हलरवाला म्हणायचा इंजिन खराब, इंजिनवाला म्हणायचा धानच ओलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, टेबलावर डोकं ठेवून बसले असताना मला तुमचं वाक्य आठवलं: "आधी पट्टा उतरव."

तुम्ही दर वेळी हेच करायचात. मशीन अडलं की पहिल्यांदा पट्टा उतरवायचा आणि इंजिन एकटं चालवायचं. एकटं नीट चाललं तर दोष हलरमध्ये, एकटंही रडलं तर दोष इंजिनात. एका झटक्यात अर्धा प्रश्न बाजूला. आम्ही कर्नलवाले हेच करतो, पण मोठ्या प्रमाणावर. एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात, ६.६ ते ६.१२ म्हणजे साठ हजारांच्या वर. त्यातला एक शोधायचा तर मधोमध तोडायचं, बिघाड अलीकडे की पलीकडे ते बघायचं, पुन्हा मधोमध तोडायचं. सोळा-सतरा पायऱ्यांत माणूस नेमक्या बदलावर येतो. त्यासाठीचं हत्यारही तयार आहे. पण दर पायरीला कर्नल पुन्हा बांधायचा, पेटीत घालायचा, तक्रार दिसेपर्यंत बोट लावत बसायचं. त्याआधी पट्टा उतरवून बघू म्हटलं.

माझा पट्टा म्हणजे गव्हर्नर. त्याला काढून 'सतत पूर्ण वेग' वाला बसवला. तुम्ही काडी तारेने बांधून ठेवायचात, तसं. शंभर वेळा बोट लावलं. शंभर वेळा यादी लगेच. उष्णता नाही, स्क्रीन नाही, मेमरी नाही. गव्हर्नरच.

मग ऑनडिमांड पुन्हा लावला आणि त्याला विचारलं, बाबा रे, तू डोकावतोस किती वेळाने? कर्नलमध्ये ही सोय छान आहे, चालत्या इंजिनाची स्प्रिंग किती ताणलेली आहे ते नुसतं वाचता येतं. एका ओळीची आज्ञा दिली. उत्तर आलं:

६४४२४५०

हा आकडा मायक्रोसेकंदांत असतो. जुन्या कर्नलवर त्याच जागी १०००० होतं, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. नव्यावर साडेसहा सेकंदांना जेमतेम कमी. गव्हर्नर साडेसहा सेकंदांतून एकदा डोळे उघडत होता! बोट लावलं त्या क्षणी तो नेमका उठणार असेल तर यादी लगेच उघडायची, आताच झोपला असेल तर प्रोसेसर किमान वेगाने फरफटत राहायचा. आणि काम संपल्यावरही गव्हर्नरला पुढची जाग येईपर्यंत तो पूर्ण वेगाने वीज खात बसायचा. तुमच्या इंजिनाचा गव्हर्नर असा असता तर पहिल्या टोपलीलाच इंजिन दबून बंद पडलं असतं, आणि पोत्यांवरच्या बायांनी तुमचा उद्धार केला असता.

पण हा आकडा आला कुठून? साडेसहा सेकंद असं कोणी कशाला लिहील? मी कागद घेतला. कोडमध्ये दिसत होतं की मूळ आकड्यात त्याचा अर्धा भाग मिळवून ही वेळ ठरते. म्हणून दोन तृतीयांश काढलं: ४२९४९६७. आणि मी खुर्चीतून उठले.

हा आकडा आमच्या धंद्यातलं कोणीही झोपेत ओळखेल, बाबा. बत्तीस दिव्यांची एक पाटी कल्पना करा. प्रत्येक दिवा चालू किंवा बंद. बत्तीसच्या बत्तीस दिवे लागले की जो आकडा होतो तो ४२९४९६७२९५. त्याहून मोठा आकडा त्या पाटीवर मावतच नाही. नॅनोसेकंदांचे मायक्रोसेकंद करायला हजाराने भागलं की उरतात ४२९४९६७. म्हणजे ही कोणी मोजलेली वेळ नव्हतीच. तो शिक्का होता. पाटीवरचे सगळे दिवे लावून कोणीतरी सांगितलं होतं: "माहीत नाही."

गोष्ट अशी होती. प्रोसेसरला एका वेगावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक बोर्डाच्या वर्णनात लिहायला एक रकाना असतो. बहुतेक लोक तो भरत नाहीत. आमच्या पेटीच्या वर्णनातही तो रिकामाच होता, आणि तो आमच्याच टीमने रिकामा सोडला होता. रकाना रिकामा दिसला की ड्रायव्हर त्या जागी हा सगळे-दिवे-चालू शिक्का ठेवायचा. शिक्क्याचं नाव इंग्रजीत 'इटर्नल'. अनंत काळ! ज्याने हे नाव ठेवलं तो बहुधा कवी असावा.

वर्षानुवर्षं या शिक्क्याने कोणाचं काही बिघडवलं नाही, कारण पुढे एक कुंपण होतं: वेळ कितीही मोठी आली तरी १० मिलिसेकंदांच्या वर जायचं नाही. ६.६ नंतर ते कुंपण २ मिलिसेकंदांवर आणलं गेलं. मग ६.१२ च्या आधीच कोणीतरी शहाण्या हेतूने विचार केला, ही मर्यादा आपण आपल्या मनाने का घालायची, प्रोसेसर जी वेळ सांगतो तीच मानू या. विचार अगदी बरोबर. त्याने कुंपण काढलं, आणि कुंपणामागे इतकी वर्षं निवांत चरत असलेला अनंत काळ थेट शेतात शिरला.

ते वाचताना मला हसू फुटलं, कारण हीच चूक मी सहावीत असताना केली होती. आठवतंय? दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला भरडाईच्या वहीची बेरीज करायला बसवलं होतं. वजनकाटा बिघडलेला होता त्या दोन दिवसांत आलेल्या पोत्यांपुढे तुम्ही ९९ लिहून ठेवलं होतं. तुमच्या मते ती खूण होती: वजन नंतर विचारायचं. मला वाटलं ९९ म्हणजे ९९. मी इमानदारीने सगळं मिळवलं आणि दोन पोती घेऊन आलेल्या म्हाताऱ्याच्या नावावर ९९ किलोंच्या दोन ओळी लावल्या. तो बिचारा पैसे द्यायला आला तेव्हा तासभर गोंधळ झाला. तुम्ही माझ्यावर ओरडलात. आज सांगते, चूक माझी नव्हती, निदान एकटीची नव्हती. "माहीत नाही" हे आकड्याच्या वेशात लिहिलं की कधी ना कधी कोणीतरी त्याची बेरीज करणारच. तेव्हापासून तुम्ही त्या जागी फुली मारू लागलात. कर्नलला ही फुली सुचायला २०२५ साल उजाडलं.

दुरुस्ती माझी नाही, हे आधीच सांगते, नाहीतर आई गल्लीत पेढे वाटेल. त्याच वर्षी सप्टेंबरात शॉन गुओ नावाच्या एका जुन्या कर्नलवाल्याने हाच आकडा, अगदी ६४४२४५०, त्याच्या गणितासकट या विभागाच्या सांभाळणाऱ्यांपुढे ठेवला होता. हा विभाग दोघं सांभाळतात: राफाएल विसॉत्स्की नावाचे पोलिश गृहस्थ आणि आपल्या देशातले वीरेश कुमार. विसॉत्स्कींनी थोड्याच दिवसांत दुरुस्ती लिहिली. जिथे जिथे ड्रायव्हर "माहीत नाही" म्हणायचे तिथे तिथे त्यांना एक खरी, साधी, अंदाजाची वेळ दिली, १ मिलिसेकंद. आणि मग 'इटर्नल' हे नावच कोडमधून पुसून टाकलं. मला सगळ्यात आवडलं ते हे शेवटचं. नुसतं कुंपण पुन्हा घातलं असतं तरी तक्रार मिटली असती. पण शिक्का तसाच राहिला असता, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या एखाद्या शहाण्याने कुंपण पुन्हा काढलं असतं.

मी काय केलं? ती दुरुस्ती आमच्या पेटीच्या कर्नलवर आणून बसवली. ती जशीच्या तशी बसत नाही, आजूबाजूच्या ओळी वेगळ्या असतात, हाताने जुळवून घ्यावं लागतं. राजकोटहून आलेला नवा नोझल तुम्ही कानस मारून बसवायचात, तितपत काम. आणि आमच्या बोर्डाच्या वर्णनातला तो रिकामा रकाना भरला. त्यासाठी ऑसिलोस्कोप लावून दोन दिवस खरी वेळ मोजली. हे कोणी सांगितलं नव्हतं. पण एकदा ९९ चा फटका खाल्लेला माणूस रकाना रिकामा सोडत नाही.

कर्नलमध्ये दुरुस्ती कशी नोंदवतात, ते तुम्हाला आवडेल. खाली सही लागते, २००४ पासून तसा नियम आहे: हे मी लिहिलं, किंवा हे द्यायचा मला हक्क आहे, अशी जबाबदारीची सही. ज्याच्या हातातून कोड पुढे जातो तो प्रत्येक जण आपली सही जोडतो. त्याशिवाय एक ओळ असते ज्यात कोणत्या जुन्या बदलामुळे बिघाड झाला ते लिहितात, पण तिथे माणसाचं नाव नसतं, बदलाचं असतं. आणि एक ओळ असते बिघाड दाखवून देणाऱ्यासाठी, तिथे मात्र नाव असतं. बिघडवणाऱ्याचं नाव झाकायचं, दाखवणाऱ्याचं छापायचं. आपल्या ग्रामपंचायतीत नेमकं उलटं चालतं, पण तो विषय वेगळा.

पेटी सुरू केली, पुन्हा तीच एका ओळीची आज्ञा दिली. ८०००. हिशेब करून बघितला. आमच्या कर्नलची नाडी सेकंदाला २५० वेळा ठोकते, आणि दोन ठोक्यांहून घाईने डोकवायचं नाही असा गव्हर्नरला नियम आहे. दोन ठोके म्हणजे ८००० मायक्रोसेकंद. बरोबर होतं. बोट लावलं. यादी उघडली. अजून वीस वेळा लावलं, उगाचच.

तुम्ही विचाराल, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा आटापिटा? रकान्यातला एक आकडा? हो. तुम्हीही एकदा अख्खी रात्र एका स्प्रिंगसाठी बसला होतात. आई मध्यरात्री चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही कंदिलाच्या उजेडात ती अर्धा सूत ताणायची की नाही यावर विचार करत होता. रोवणी संपलेली, हलरला धान नाही, घाई कोणाचीच नव्हती. "आवाज नीट येत नाही," एवढंच म्हणालात.

वीज आली आणि मोटर बसली, तेव्हापासून तुम्ही म्हणता की मोटर मुकी असते, तिच्याशी बोलता येत नाही, गव्हर्नर गेला. बाबा, तो गेला नाही, तिरोड्याला गेला. तिथल्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, ३३०० मेगावॉट. प्रत्येकाचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ठेवावं लागतं, तेव्हा कुठे तुमच्या मोटरला ५० हर्ट्झ मिळतात. आपल्या कामठ्यात आणि कामठ्यासारख्या हजार गावांत संध्याकाळी एकदम पंप सुरू झाले की सगळ्या ग्रीडवर ओझं पडतं, टर्बाइनं किंचित दबतात, आणि तिथला गव्हर्नर वाफेची झडप उघडतो. तुमचा हलर आजही गव्हर्नरवरच चालतो. फक्त आता तो सगळ्यांचा मिळून एक झाला आहे, आणि त्याचा आवाज घरात येत नाही.

घराच्या छपरावर उभं राहिलं की बिरसीच्या धावपट्टीवरून उठणारी शिकाऊ विमानं दिसतात, ती आई म्हणते तशी "घूं घूं" करत गावावरून गोल फिरतात. काही विमानांच्या पंख्यालाही गव्हर्नर असतो, बरं का. हवेचं ओझं कमी-जास्त झालं तरी पंख्याच्या फेऱ्या बदलू नयेत म्हणून तो पात्यांचा कोन फिरवतो. पुढच्या वेळी एखादं डोक्यावरून गेलं की कान देऊन बघा. आवाज एका सुरात राहिला तर गव्हर्नर जागा आहे.

तर मी हे काम करते, बाबा. आईलाही सांगा, तिला वाटतं तसं बँकेत नाही. तुमचंच काम करते, फक्त हात काळे होत नाहीत आणि बिघाडाचा वास येत नाही. वास येत नाही याची मात्र खरंच अडचण होते. इंजिन बिघडलं की धूर बदलतो, आवाज बदलतो, पट्टा तापून जळका वास येतो. आमची यंत्रं बिघडली तरी तशीच गार आणि गप्प बसलेली असतात. सांगतात फक्त आकडा, तोही विचारला तरच. मी नव्या पोरांना शिकवते तेव्हा म्हणते की आधी पट्टा उतरवा, मग विचारा. कोणाला कळत नाही की हे वाक्य कामठ्याच्या गिरणीतून आलेलं आहे.

आता भंगारवाल्याचं. त्याने किलोवर भाव सांगितला असेल, बिडाचा. चाकं वजनदार आहेत, पैसे बरे येतील, हे मला कळतं. गिरणीच्या कोपऱ्यात ते अडचण करतं, पावसाळ्यात त्याखाली उंदीर होतात, आई कटकट करते, हेही कळतं. तरी एवढं करा. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला मी येते आहे, सोबत ऑफिसातली दोन पोरं घेऊन. त्यांनी गव्हर्नर आयुष्यात फक्त कोडमध्ये बघितला आहे. तोपर्यंत भंगारवाल्याला थांबवा. डिझेल मी आणते, हॅन्डल तुम्ही मारा. आणि झाकणाचे नट गंजले असतील तर आत्तापासूनच थोडं रॉकेल सोडून ठेवा.

आईस नमस्कार.

तुमची,
लेक